नऊ महिने

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलमधली पेठांची ईर्षा पाहायला गेलो होतो. मनात राहिलं ते एका आघाडीच्या खेळाडूचं पडणं. जवळपास कुणी नव्हतं. पळता पळता तो वळला आणि गुडघा धरून खालीच बसला. ‘लिगामेंट गेलं,’ गॅलरीतले एक आजोबा लगेच म्हणाले. गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट पुष्कळदा असंच तुटतं: पाय रोवलेला, अंग वळलेलं, धक्का कुणाचाच नाही.

अशा पोरांचं पुढं काय होतं, हे बघायला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. खोलीभर स्प्रेचा वास. सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ करायचा, मांडीत बळ आणायचं, मग सायकल, मग पळणं. हे सगळं शांतपणे चाललेलं. पण विशीतला एक पोरगा बुटक्या स्टुलावरून एका पायावर पुन्हापुन्हा उतरत होता. गुडघा आत झुकला की बाई म्हणायच्या, “परत.”

“मॅडम, आता काय दुखत नाही. सेमीफायनलला उतरू की?” ऑपरेशनला पाच महिने झाले होते.

“नऊ महिने,” त्या म्हणाल्या. “आणि या मांडीची ताकद दुसरीच्या निदान नव्वद टक्के.”

दुखणं थांबतं, खरा धोका तिथंच असतो. ऑपरेशनमध्ये पुष्कळदा मांडीमागचा स्नायुबंध काढून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवतात. तो तिथं रुजताना आधी कमकुवत होतो, मग हळूहळू बळकट. आतलं हे काम पोराला जाणवत नाही. 2016 च्या एका अभ्यासात दिसलं की, नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितकं लांबवलं, तितकी पुन्हा दुखापत कमी. महिन्यागणिक जवळपास निम्म्यानं. म्हणून नऊ महिने.

त्या पोराला हे पटत होतं. त्याला थांबू न देणारे बाहेर होते. त्याचा फोन सारखा वाजत होता. मैदानात कधी उतरतोस, एवढंच विचारायला.

आणि मुळात गुडघा जाऊच नये म्हणून ‘फिफा 11+’ हा सराव आहे. एकूण वीस मिनिटं: पळणं, एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणं, मांडीमागच्या स्नायूंसाठी ‘नॉर्डिक’ नावाचा व्यायाम. नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींवर तो तपासला, 2008 मध्ये निष्कर्ष आले: गंभीर दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. त्याला मशीन लागत नाही, पैसा लागत नाही.

संघ उतरवणाऱ्या तालमींच्या कारभाऱ्यांनो, सरावाआधीची ही वीस मिनिटं सक्तीची करा. आणि ऑपरेशन झालेल्या पोराला नऊ महिने फोन करायचाच असेल, तर व्यायाम झाला का, एवढंच विचारा.