पहिले वाक्य कोणाचे? : फेडरेशन चषक २००४ च्या अंतिम सामन्याचा वृत्तांत

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• बाद पद्धतीच्या स्पर्धेचे स्वरूप सांगता येईल.
• क्रीडावृत्तात कोणती माहिती आधी द्यावी, हे ठरवता येईल.
• ‘-मुळे’, ‘-नंतर’ आणि ‘-ऊन’ या रूपांनी बातमीचा अर्थ कसा बदलतो, हे स्पष्ट करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, समुद्रपूर तालुक्यातील एखाद्या गावी कबड्डीचे खुले सामने भरले आहेत, अशी कल्पना करा. अंतिम सामना रात्री उशिरा संपतो आणि वार्ताहराला वर्ध्याच्या किंवा नागपूरच्या दैनिकाकडे मोजक्या ओळी पाठवायच्या असतात. कोण जिंकले, किती गुणांनी, निर्णायक चढाई कोणाची, पारितोषिक कोणाच्या हस्ते, या क्रमाने तो लिहितो. बहुतेक वेळा हा क्रम योग्यच असतो. परंतु त्याच सामन्यात एखादा खेळाडू कोसळला आणि पुन्हा उठलाच नाही, तर पहिल्या वाक्यात काय असावे? हा प्रश्न काल्पनिक नाही. २००४ साली भारतीय फुटबॉलमध्ये तो प्रत्यक्ष उभा राहिला. त्या प्रसंगाच्या आधारे आपण या घटकाचा विचार करू.

२. बाद पद्धत आणि फेडरेशन चषक

साखळी पद्धतीत प्रत्येक संघ गटातील इतर सर्व संघांशी खेळतो. तेथे एक पराभव पुढच्या विजयाने भरून काढता येतो. बाद पद्धतीत मात्र पराभूत संघ स्पर्धेबाहेर जातो. प्रत्येक सामन्यातून एक संघ बाद होत असल्याने सोळा संघांच्या स्पर्धेत विजेता ठरण्यास पंधरा सामने लागतात. येथे बरोबरी अखेरची राहू शकत नाही. जादा वेळ किंवा पेनल्टी किक यांच्या आधारे निर्णय लावला जातो. एका निकालावर संघाचे संपूर्ण भवितव्य अवलंबून असल्यामुळे अशा सामन्याच्या बातमीत निकाल प्रथम येणे स्वाभाविक ठरते.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १९७७ साली सुरू केलेला फेडरेशन चषक ही देशातील क्लब संघांची अशीच स्पर्धा होती. काही हंगामांत आरंभी साखळी गट असत. शेवटच्या टप्प्यात मात्र बाद पद्धतच असे. २००३ साली हा चषक मुंबईच्या महिंद्र युनायटेडने जिंकला. पुढील वर्षी गोव्याचा डेम्पो आणि कोलकात्याचा मोहन बागान हे संघ अंतिम फेरीत आले.

३. ५ डिसेंबर २००४

हा अंतिम सामना बंगळूरच्या श्री कांतीरवा स्टेडियमवर झाला. डेम्पोच्या आघाडीला ख्रिस्तियानो ज्युनिअर हा पंचवीस वर्षांचा ब्राझिलियन खेळाडू होता. आदल्या हंगामात तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला होता. या सामन्यातील पहिला गोल त्याने केला. उत्तरार्धात ७८ व्या मिनिटाला त्याने दुसरा गोल केला आणि त्याच क्षणी मोहन बागानचा तरुण गोलरक्षक सुब्रत पाल याच्याशी त्याची टक्कर झाली. ज्युनिअर मैदानावर कोसळला. सहकाऱ्यांनी त्याला शुद्धीवर आणण्याचा प्रयत्न केला. त्याला रुग्णालयात नेण्यात आले. तेथे तो मृत घोषित झाला. डेम्पोने सामना २-० असा जिंकला आणि चषक गोव्याला गेला.

४. पहिले वाक्य

पुढील वाक्य पाहा :

‘डेम्पोने मोहन बागानचा २-० असा पराभव करून फेडरेशन चषक पटकावला.’

या वाक्यात एकही चूक नाही. तरीही त्या दिवसाची बातमी म्हणून ते अपुरे आहे. बातमी उलट्या मनोऱ्यासारखी रचावी, सर्वांत महत्त्वाचे ते सर्वांत वर, हे आपण जाणता. परंतु महत्त्व स्पर्धेच्या नियमावरून ठरत नाही. ते माणसाच्या जीवनावरून ठरते. म्हणून आमुख असे लिहिता येईल :

‘फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानच्या गोलरक्षकाशी टक्कर झाल्यानंतर कोसळलेला डेम्पोचा आघाडीपटू ख्रिस्तियानो ज्युनिअर याचा आज मृत्यू झाला. डेम्पोने सामना २-० असा जिंकला. दोन्ही गोल ज्युनिअरचेच होते.’

निकाल गाळलेला नाही. त्याला योग्य जागा दिली आहे.

५. ‘-मुळे’, ‘-नंतर’ आणि ‘-ऊन’

वरील आमुखात ‘टक्कर झाल्यानंतर’ असे म्हटले आहे. त्याऐवजी ‘टक्कर झाल्यामुळे’ लिहिले असते तर? ‘-नंतर’ केवळ कालक्रम सांगतो. ‘-मुळे’ कारण सांगतो. मृत्यूचे वैद्यकीय कारण शवविच्छेदनाशिवाय निश्चित होत नाही. मैदानाच्या कडेला बसलेल्या वार्ताहराने ‘-मुळे’ लिहिले, तर तो डॉक्टरांचे काम अंगावर घेतो. ‘गोलरक्षकाने घेतला बळी’ असे शीर्षक दिले, तर तो न्यायाधीशही होतो. ‘टक्कर होऊन कोसळला’ या रचनेतील ‘-ऊन’ संदिग्ध आहे. ते आधी घडलेली क्रिया दाखवते आणि बहुधा कारणही सुचवते. म्हणून अशा ठिकाणी ‘-नंतर’ अधिक सुरक्षित आहे.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. सुब्रत पाल तेव्हा कारकिर्दीच्या आरंभी होता आणि त्याच्यावर टीका झाली. पुढे तोच भारतीय संघाचा प्रमुख गोलरक्षक झाला आणि २०११ च्या आशियाई चषकात देशाकडून खेळला. एका प्रत्ययाने त्याला आयुष्यभराचा दोषी ठरवण्याचा अधिकार वार्ताहराला नव्हता. त्याच वेळी मैदानावरील तातडीच्या वैद्यकीय व्यवस्थेविषयी जे प्रश्न विचारले गेले, ते विचारणे हे बातमीचे कर्तव्यच होते. दोष चिकटवणे आणि प्रश्न विचारणे या भिन्न गोष्टी आहेत.

६. शब्दांची निवड

‘क्रूर काळाने झडप घातली’, ‘नियतीचा डाव’, ‘मैदानावर वीरमरण’ हे शब्दप्रयोग वापरून गुळगुळीत झाले आहेत. शिवाय ते माणसांनी करावयाची व्यवस्था नियतीवर ढकलतात. त्यापेक्षा साधी वस्तुस्थिती अधिक परिणामकारक असते. डेम्पोने ज्युनिअरची १० क्रमांकाची जर्सी निवृत्त केली, एवढे एक वाक्य पुरेसे आहे.

सारांश

बाद पद्धतीत निकाल निर्णायक असतो. म्हणून तो सामान्यतः आधी येतो. जीवितहानी झाल्यास हा क्रम बदलतो. कारण सिद्ध होईपर्यंत क्रम सांगावा, कारण सांगू नये. समुद्रपूर तालुक्यातून, जाम मार्गे जाणाऱ्या नागपूर–हैदराबाद महामार्गावरील अपघाताची बातमी लिहितानाही हाच नियम लागू पडतो. तेथे तर बातमीतील चालक आणि मृताचे कुटुंब, दोघेही आपले वाचक असू शकतात.

स्वाध्याय

१. बारा संघांच्या बाद स्पर्धेत विजेता ठरण्यास किती सामने लागतील? कारण द्या.
२. ‘धडक बसल्यामुळे’, ‘धडक बसल्यानंतर’ व ‘धडक बसून’ यांतील अर्थभेद सोदाहरण लिहा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या तालुक्यातील एखाद्या स्पर्धेचा अंतिम सामना पाहून शंभर शब्दांत वृत्तांत लिहा. त्यातील प्रत्येक ‘-मुळे’ अधोरेखित करून, ते कारण आपणांस कोठून समजले, हे समासात नोंदवा.