छत उतरवताना

वडिलांची पद्मिनी १९८६ची. पांढरी, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, १०८९ सीसीचं इंजिन. सहा वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हापासून ती मी चालवते. इंजिनाचं काम करणारे हात मिरजेत अजून आहेत. अडलं ते छताच्या अस्तरापाशी. मागे बसणाऱ्याच्या केसांना ते घासू लागलं, मागच्या काचेच्या वर तपकिरी डाग पसरले आणि एका पावसाळ्यात शिवण उसवून त्याची झोळी झाली.

एका दुकानात ते दुरुस्त करून घेतलं. त्यांनी उसवलेला भाग ब्लेडने कापून फेकला, नवा तुकडा सोल्यूशनने डकवला आणि संध्याकाळी गाडी परत दिली. एप्रिलच्या उन्हात तुकडा सुटला. तो पुन्हा चिकटवता आला असता, पण कापून फेकलेलं रेक्झिन परत येणार नव्हतं, आणि तेच मला लागलं. ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची. ती बनायची थांबून वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. अशा गाडीचं नवं अस्तर बेतायला जुनं अस्तर हाच हाती असलेला नमुना. म्हणून ते अख्खं उतरावं लागतं.

हे मला सांगितलं कुशनचं काम करणाऱ्या चाचांनी. गाडी पाहून ते म्हणाले, “बाई, घाई असंल तर दुसरीकडं न्या. माझ्याकडं चार दिवस लागतील, आणि तुम्ही हाताखाली थांबला तर बरं.” दिवाळीची सुट्टी होती. मी थांबले.

जुन्या गाड्यांचं छत तंबूसारखं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. रेक्झिनच्या वरच्या बाजूला आडव्या नळ्या शिवलेल्या असतात. प्रत्येक नळीतून लोखंडी तारेची एक कमान जाते आणि तिची दोन टोकं छताच्या कडेच्या भोकांत अडकतात. चाचा या कमानींना काड्या म्हणतात, छत्रीच्या असतात तशा. कापड या काड्यांना लोंबतं, आणि चारी कडा ताणून चिकटवलेल्या असतात. पुढच्या-मागच्या कडा काचांच्या रबराखाली गेलेल्या, दारांवरच्या कडा बीडिंगखाली.

पहिल्यांदा बॅटरीची वायर काढली, कारण केबिनच्या दिव्याची तार छतातूनच जाते. मग दिवा, सनवायझर, आरसा, दारांची बीडिंगं. पुढची आणि मागची काच रबरासकट बाहेर काढायला अर्धा दिवस गेला. काच न काढता कड ओढून काढली, तर ती रबरापाशीच फाटते. काढलेला प्रत्येक स्क्रू चाचांनी त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवला. चहाच्या कपात स्क्रू गोळा करणाऱ्यांवर त्यांचा राग आहे.

कडा सोडवायला पातळ, बोथट पट्टी. सोल्यूशन कडक झालं असेल तिथे हेअर ड्रायरची ऊब द्यायची आणि थांबायचं. मग मागच्या बाजूने एकेक काडी खाली वाकवून भोकातून सोडवायची. माझं काम इथे होतं. निघालेल्या प्रत्येक काडीला चिकटपट्टी लावून तिच्यावर आकडा आणि ‘डावी’, ‘उजवी’ लिहायचं. सगळ्या काड्या दिसायला सारख्या, पण छताचा बाक पुढे वेगळा, मध्ये वेगळा, म्हणून प्रत्येकीचा बाकही वेगळा. दोन काड्यांची अदलाबदल झाली तर कितीही ताणा, सुरकुती जात नाही. टोक कोणत्या भोकात होतं तेही लिहिलं, कारण काही ठिकाणी भोकं एकाहून जास्त होती.

अस्तर खाली आलं तसा त्याच्यावरचा चाळीस वर्षांचा धुरळा आमच्यावर आला. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. उष्णता अडवायला चिकटवलेल्या जुन्या थराचा भुगा श्वासात जाणं वाईट. वर उघडा पत्रा दिसला आणि डागांचं कारणही. बाहेरच्या पन्हळीचा सांधा मागच्या कोपऱ्यात गंजून तिथे टाचणी जाईल एवढं भोक पडलं होतं. आधीच्या दुकानात हे कुणी पाहिलंच नव्हतं. दोन दिवस त्या कोपऱ्यात गेले. गंज घासला, सांधा भरला, प्रायमर आणि रंग लावला. हे न करता नवं अस्तर लावलं असतं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

नव्या गाड्यांचं छत वेगळं. तिथे साच्यात घडवलेला कडक बोर्ड असतो, त्यावर पातळ फोम आणि फोमवर कापड. उन्हाने आणि दमटपणाने फोमचा भुगा होतो, मग कापड लोंबतं. टाचण्या टोचून किंवा कापडाला सोल्यूशन लावून ते टिकत नाही, कारण चिकटायला फोमच उरलेला नसतो. बोर्ड न मोडता दोघांनी धरून काढायचा, फोम ब्रशने पूर्ण झाडायचा आणि फोम लावलेलं नवं कापड उष्णता सोसणाऱ्या सोल्यूशनने बसवायचं. छताच्या कडेला एअरबॅग असतील तर मात्र घरी हात लावू नये.

आमचं जुनं अस्तर चाचांनी शिवणी उसवून पट्टी-पट्टी वेगळं केलं. रेक्झिन आटलेलं असतं, म्हणून कडांना चार बोटं जास्त ठेवून नवं कापलं. कापून फेकलेल्या भागाचा आकार डाव्या बाजूवरून उलटा काढला. नवं अस्तर तासभर उन्हात ठेवून मऊ केलं आणि आकड्यांप्रमाणे काड्या ओवून टांगलं. आधी मधोमध पुढे-मागे ताण, मग दारांकडे, दोन्ही बाजूंना थोडाथोडा आळीपाळीने. सोल्यूशन पत्र्याला आणि कापडाला दोन्हीकडे लावून, बोटाला ओलं लागेनासं होईपर्यंत थांबायचं. तबल्याची पुडी ओढणारे कारागीर चाचांच्या शेजारीच बसतात. हातोडीचा ठोका एकदा इकडे, एकदा समोर. चाचांचे हात तसेच चालत होते.

जुन्या पट्ट्या मी मागून घेतल्या. आकडे घालून, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून त्या माळ्यावर ठेवल्या आहेत. सांगलीचे एक गृहस्थ मे महिन्यात त्यांची पद्मिनी चाचांकडे आणणार आहेत. त्यांच्या गाडीतलं अस्तर आधीच कुणीतरी फाडून टाकलंय.