नर्सबाई कोणापैकी?

चंदगड तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर १९८८ साली आम्ही रुजू झालो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात गावाने आमची परीक्षा घेतली. शिक्षण किती झाले, बाळंतपणे किती केली, सुई टोचता येते की नाही, यातले काही कोणी विचारले नाही. "बाई, आडनाव काय तुमचं?" एवढेच विचारले. आडनावावरून उलगडा झाला नाही तेव्हा दुसरा प्रश्न आला, "म्हणजे कोणापैकी?"

आपल्या वाचकांना हा प्रश्न नवा नाही. शाळेत, कचेरीत, एस.टी.च्या बाकावर, लग्नाच्या मांडवात तो आपण सर्वांनी ऐकला आहे. पण जी बाई गरोदर सुनेचे पोट तपासणार, तान्ह्या लेकराला उराशी धरून लस टोचणार, तिला तो विचारला जातो तेव्हा प्रश्न हाताचा असतो. हा हात आपल्या घरात चालेल काय, हे गावाला ठरवायचे असते. छत्तीस वर्षांची नोकरी करून २०२४ साली आम्ही निवृत्त झालो. पेन्शनर बाईने आठवणी सांगत बसावे म्हणून हा लेख नाही. ज्या दाराने आम्ही आत शिरलो ते दार आपल्या लेकींसाठी आज किती उघडे आहे, हे चळवळीने पाहावे म्हणून लिहितो आहोत.

चंदगड हा कोल्हापूर जिल्ह्याचा पार दक्षिणेचा तालुका. एका अंगाला बेळगाव, दुसऱ्या अंगाला तिलारीचा घाट उतरून दोडामार्ग आणि पुढे गोवा. भात, नाचणी, काजू, अलीकडे ऊस. पावसाळ्यात ताम्रपर्णी फुगली की वाटा बंद. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोवाडची बाजारपेठच पाण्याखाली गेली होती. अवघड बाळंतपण आले की इथल्या माणसाला कोल्हापूर लांब आणि बेळगाव जवळ, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

इतिहासही थोडा सांगितला पाहिजे. कोल्हापूर जिल्हा म्हटले की आपण अभिमानाने राजर्षी शाहू महाराजांचे नाव घेतो, माणगाव परिषदेची आठवण काढतो. १९१९ साली महाराजांनी सरकारी दवाखाने, धर्मशाळा, पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे हुकूम काढले. दवाखाना ही कोणाची वडिलोपार्जित मिरासदारी नाही, हे त्या राजाला कळले होते. पण चंदगड तेव्हा कोल्हापूर संस्थानात नव्हता. तो इंग्रजी अमलातल्या बेळगाव जिल्ह्याचा भाग होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. म्हणजे शाहूंच्या हुकमाची सावली या डोंगरावर कधी पडलीच नव्हती. आमचे काही सहकारी गमतीने म्हणायचे, सिस्टर, इथे १९१९ चा हुकूम अजून टपालात आहे!

आता आमचे काम काय होते ते सांगतो. दहावीनंतर दीड वर्षाचा ए.एन.एम.चा अभ्यासक्रम करून आम्ही आलो. कागदावर डोंगरी भागात ३००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, सपाटीवर ५००० ला एक. कागदाला चढ लागत नाही. आमच्या हद्दीत गाव एक होते, पण वाड्या डोंगरभर पसरलेल्या. धनगरवाडा तर असा, की सकाळी निघालेली बाई दुपारी पोचावी. खांद्याला लसीचा डबा, त्यात गोठवलेल्या बर्फाच्या चार पिशव्या, दुसऱ्या खांद्याला वजनकाटा, काखेत रजिस्टर, डोक्यावर इरले. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे. गोवराची कुपी एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. जळवा पायाला लागत, त्या मीठ लावून काढायच्या आणि पुढे चालायचे. इतके करून पोचल्यावर आई शेतावर गेलेली असे. मग बांधावर जाऊन तिला हाक मारायची.

पण चालण्याचे काही वाटत नव्हते. आपल्या बायकांना चालणे कोणी शिकवायला नको. खरा प्रश्न राहायचा होता. उपकेंद्राची इमारत तेव्हा झालेली नव्हती, गावात भाड्याने खोली घ्यायची होती. तीन घरांत खोली रिकामी होती. तिन्ही घरांतून दुसऱ्या दिवशी निरोप आला, पाव्हणे येणार आहेत. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना नाव लपवून पारशी खानावळीत राहावे लागले आणि तिथूनही बाहेर काढले गेले, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. बाबासाहेब तर परदेशातून शिकून आलेले. आम्ही कोण? शेवटी आपल्या बौद्धवाड्यातल्या एका म्हातारीने तिच्या दीड खोलीतली अर्धी खोली दिली. सहा वर्षे आमचे उपकेंद्र तिथेच चालले. औषधांची पेटी तिच्या कणगीवर असे. वरच्या आळीतल्या बायका लसीला बौद्धवाड्यात येईनात, म्हणून आम्हीच दारोदार फिरलो. त्यामुळे लसीकरणाचा आकडा वाढला आणि वरून शाबासकी आली. कारण कोणी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. तेव्हा सांगायला हवे होते, असे आता वाटते.

एका पावसाळी रात्री एका मोठ्या घरातून बोलावणे आले. सून अडली होती, नदीला पाणी, गाडी निघणे शक्य नव्हते. सासू दारात उभी होती. "बाई, पोरीचं बघा की जरा," म्हणाली. त्या वेळी तिने कोणापैकी विचारले नाही. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे ब्लेड, स्वच्छ दोरा, नाळेला काही लावायचे नाही, हे पाच धडे आम्हाला पाठ होते. पहाटे मुलगी झाली. रडली. चहा आला तो कान तुटलेल्या कपातून, आणि तो कप आम्हीच विसळून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी बाळंतिणीला तपासायला गेलो तर खोली शेणाने सारवलेली, गोमूत्राचा वास. बाळंतपणाचा विटाळ फेडला म्हणावा, तर पाचवीही अजून व्हायची होती. विटाळ कोणाचा फेडला, हे समजायला आम्हाला शिकवणी लागली नाही.

आपल्या जुन्या बायकांना यात काही विशेष वाटले नाही. कितीतरी गावांत सुईण म्हणून महार-मांगांच्याच बायका जात. नाळ कापायची, वार पुरायची, घाण काढायची, आणि पसाभर धान्य पदरात घेऊन मागच्या दाराने यायचे. ज्या हाताने जगात आणले त्या हाताचा दुसऱ्या दिवशीपासून विटाळ! मनुवादी व्यवस्थेचा कावा यात उघडा पडतो. काम घाण म्हणून ते आपल्याकडे दिले आणि ते काम करतो म्हणून आपल्याला घाण ठरवले. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशनचा दवाखाना काढला आणि पुढे तिथे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. उच्चवर्णीय घरांतून मुली या शिक्षणाला सहसा येत नव्हत्या, कारण परक्याचे रक्त-मळ काढणे त्यांच्या धर्मात बसत नव्हते.

या देशातल्या परिचारिकांनी आपली आद्य परिचारिका म्हणून कोणाचे नाव घ्यावे? क्रांतिज्योती सावित्रीमाईंचे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा डॉ. यशवंतने हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन माई तिथे आल्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. दरवर्षी १२ मे रोजी दवाखान्यांत फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या फोटोला हार घालतात. घालावा, आमची हरकत नाही. पण शेजारी माईंचा फोटो लावा म्हणून आम्ही दरवर्षी बोललो आणि अखेर स्वतःच्या पैशाने तो आणून लावला.

तर मग सुईण आणि नर्सबाई यांत फरक कोणता पडला? हात तोच होता. फरक पडला तो पगाराचा, शिक्क्याचा आणि रजिस्टराचा. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला तेव्हा देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली, १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर बहुउद्देशीय आरोग्यसेविका आली आणि जिल्हा परिषदेच्या भरतीत आरक्षणाने आपल्या मुली शिरल्या. जन्माची नोंद आमच्या सहीने होऊ लागली. गावच्या पाटलालासुद्धा नातवाचे कार्ड घ्यायला आमच्यापुढे खुर्चीवर बसावे लागले. उपकेंद्राची इमारत झाली, मागे क्वार्टर मिळाले, आणि त्या दिवसापासून खोलीसाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही. सरकारी क्वार्टरची दोन खोल्यांची भिंत आपल्या बाईला काय देते, हे सवर्ण सहकारी भगिनींना समजावून सांगणे कठीण.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक उचलून धरले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली कायदा झाला. पण काजूच्या बागेत आणि भाताच्या चिखलात राबणाऱ्या बाईला तो लागू नव्हता. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. आपल्या राज्याच्या ग्रामीण भागात दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मातेला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ७०० रुपये. त्यासाठी दाखला, बँकेचे खाते, हेलपाटे. तरी त्या योजनेने आणि आशाताईंच्या पायपिटीने बायका दवाखान्यात येऊ लागल्या, हे मान्य केले पाहिजे. २०१६ साली शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला. काजूच्या बागेत जाणाऱ्यांना गोचिडीपासून जपायला सांगत, मेलेल्या माकडाची खबर ठेवत आम्ही बायकाच फिरलो. २०२१ साली कोरोनाच्या लसीला तर सर्व आळ्या एका रांगेत आल्या. मृत्यूचे भय जातीपेक्षा मोठे निघाले. भय ओसरल्यावर पुन्हा काय झाले, ते विचारू नका.

आता दाराविषयी. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या संपात आम्ही उतरलो होतो, आम्हाला पेन्शन असूनही. त्याच २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने नर्स आणली ती कंत्राटी. अकरा महिन्यांचा करार, एक दिवसाचा खंड, पुन्हा करार. काम तेच, डबा तोच, चढ तोच. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने खासगी एजन्सींमार्फत नोकरभरतीचा निर्णय काढला. त्यात आरक्षणाचा पत्ता नव्हता. ओरड झाली तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. मार्च २०२४ मध्ये दहा वर्षे झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा निर्णय झाला, आणि त्याची अंमलबजावणी करा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना पुन्हा संपावर बसावे लागले. चौदा एप्रिलला मिरवणुकीत लाखो रुपये खर्च करणाऱ्या आमच्या मंडळांपैकी किती मंडळे त्या मंडपात जाऊन बसली?

आमच्या शेवटच्या वर्षांत हाताखाली आपल्याच समाजाची एक मुलगी कंत्राटी होती. त्या म्हातारीच्या, जिने अर्धी खोली दिली होती तिच्या, नात्यातली. हाताला इतकी हलकी की सुई टोचलेली मुलाला कळत नसे. तिच्या खंडाचा दिवस नेमका लसीकरणाच्या दिवशी आला. कायद्याने ती त्या दिवशी नोकरीत नव्हती. आम्ही सांगितले, घरी राहा. पण आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणवाडीच्या पायरीवर डबा घेऊन बसलेली होती. सतरा मुले झाली. रजिस्टरात त्या दिवशी तिची सही नाही, सतराही नोंदींपुढे सही आमची आहे. दुपारी निघताना एका आजीने तिला थांबवले आणि विचारले, "पोरी, तू नवीन काय? कोणापैकी गं तू?"