‘भाचीचे लग्न’ ते ‘कुरोई आमे’: अणुपीडितांच्या वेदनेचे कथन

इबुसे मासुजी यांच्या ‘कुरोई आमे’ (काळा पाऊस) या कादंबरीचे आरंभीचे नाव ‘भाचीचे लग्न’ असे होते. जानेवारी १९६५ पासून ती ‘शिंचो’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. शीर्षक बदलले ते काही महिन्यांनी. ही केवळ ग्रंथसूचीतील नोंद नव्हे. हिरोशिमाच्या संहाराचे कथन इबुसे सोयरिकीच्या बोलण्यांतून करतात, आणि त्या कथनपद्धतीची किल्ली या पहिल्या नावात आहे.

त्यापूर्वीच्या हारा तामिकी यांच्या ‘नात्सु नो हाना’ (उन्हाळ्यातील फुले, १९४७) या कथेत पाहणाराच लिहितो. दृश्य नेहमीच्या गद्यात मावेनासे होते तेव्हा निवेदक काताकाना लिपीचा आश्रय घेतो. (एकाच लिपीवर चालणाऱ्या मराठीत हा परिणाम साधणे जवळपास अशक्यच.) इबुसे मात्र स्फोटाच्या वेळी हिरोशिमात नव्हते. शिगेमात्सु शिझुमा या पीडिताच्या रोजनिशीवर त्यांनी बरीच भिस्त ठेवली. ती रोजनिशी २००१ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाल्यावर इबुसे यांच्या ऋणाचा प्रश्न अधिकच टोकदार झाला.

कादंबरीतील शिझुमा शिगेमात्सु स्फोटानंतर सुमारे पाच वर्षांनी रोजनिशीची नक्कल करू लागतो. यासुको या भाचीला किरणोत्सर्गाची बाधा झालेली नाही, हे त्याला मध्यस्थामार्फत वरपक्षाला पटवून द्यायचे असते. प्रवाद असा की ती त्या दिवशी शहरातच होती. ती शहराबाहेर होती हे खरे. परंतु परतताना तिच्या अंगावर काळा पाऊस पडला, हे तिच्याच रोजनिशीत लिहिलेले असते. तो भाग गाळावा की ठेवावा? निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून काढलेला कागद इथे उलटतो. स्थळांची चौकशी, गावगप्पा, मुलीच्या प्रकृतीविषयीची कुजबुज हे सारे मराठी वाचकाला इतके परिचित आहे की अणुस्फोटाची भीषणता त्याला मृतांच्या वर्णनांपेक्षा कदाचित येथेच अधिक जाणवेल.

विवाह केंद्रस्थानी असलेल्या ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ मध्ये यमू स्वतः बोलते. यासुकोला ती मुभा फार थोडी आहे. आरंभीच्या काही पानांनंतर तिचा शब्द मागे पडतो आणि तिच्या आजाराची नोंदही शिगेमात्सुची पत्नी शिगेको ठेवते. पीडित स्त्रीने स्वतः निवेदक होणे आपल्याला हायाशी क्योको यांच्या ‘मात्सुरी नो बा’ मध्ये ठळकपणे आढळते. नागासाकीवर बाँब पडला तेव्हा हायाशी चौदा वर्षांच्या होत्या आणि शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात कामाला जुंपलेल्या होत्या. त्या लेखनाला आकुतागावा पुरस्कार मिळाला तो १९७५ मध्ये.