हिमालयातील रानटी ट्राउट व त्याची गळाने मासेमारी

थंड पाण्यातील ट्राउट या माशाविषयी डोंगराळ भागातील ग्रामकार्यकर्त्यांकडून व शेतकऱ्यांकडून अलीकडे वारंवार विचारणा होते. हा मासा काश्मीर व कुलू येथील ओढ्यांत कसा राहतो, तो कसा पकडतात, आणि आपल्या सह्याद्रीतील ओढ्यांत त्याचे बीज सोडता येईल काय, असे प्रश्नांचे साधारण स्वरूप असते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नीट समजून घेतली म्हणजे तिसऱ्याचे उत्तर आपोआप मिळते.

ट्राउट हा मूळचा हिमालयातील नव्हे. तपकिरी ट्राउटची अंडी १८९९ मध्ये विलायतेहून काश्मीरला पाठविण्यात आली, ती वाटेतच नष्ट झाली. १९०० साली आलेली दुसरी खेप मात्र तगली, व श्रीनगरजवळ हारवन येथे फ्रँक मिचेल यांच्या देखरेखीखाली या माशाची पैदास सुरू झाली. पुढे १९०९ मध्ये काश्मीरहून कुलू खोऱ्यात कटराईनजवळ बीज नेण्यात आले. आज या मुलखात जो ट्राउट 'रानटी' म्हणून ओळखला जातो, तो त्या बीजाचाच वंश होय. जो मासा माणसाच्या मदतीवाचून प्रवाहातच अंडी घालून आपली संख्या टिकवितो, तो रानटी समजावा. हौदात खाद्य घालून वाढविलेल्या ट्राउटचा प्रकार निराळा. त्याचा विचार येथे केलेला नाही.

या माशास थंड व प्राणवायूने भरलेले पाणी लागते. दहा ते सोळा अंश सेंटिग्रेड तापमानात तो सुखाने राहतो. वीस अंशांच्या वर गेल्यास खाणे सोडतो, आणि पंचवीस अंशांच्या सुमारास बहुधा मरतो. याचे कारण असे की पाणी तापले म्हणजे त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीस १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, २५ अंशांच्या पाण्यात फक्त ८. उंचावर हवा विरळ असल्याने हे प्रमाण आणखी घटते. म्हणून धोंड्यांवर आपटून फेसाळणारे पाणी ट्राउटला प्रिय असते. आपटताना ते पुन्हा प्राणवायू घेते.

ट्राउटच्या संसाराचा खरा नाजूक भाग म्हणजे त्याचे अंडी घालणे. तपकिरी ट्राउटची मादी शरद ऋतूच्या अखेरीस व हिवाळ्याच्या आरंभी उथळ, वाहत्या पाण्यात सुपारीएवढ्या-लिंबाएवढ्या गोट्यांच्या थरावर येते, आडवी होऊन शेपटीच्या फटकाऱ्यांनी खळगा करते, त्यात अंडी घालते, आणि नराने ती फळविल्यावर वरच्या अंगाचे गोटे उडवून खळगा झाकून टाकते. पाणी १० अंश असल्यास सुमारे चाळीस दिवसांत, ५ अंश असल्यास सुमारे दुप्पट काळात पिल्ले बाहेर पडतात. हा सारा वेळ गोट्यांच्या फटींतून स्वच्छ पाणी खेळत राहिले पाहिजे. वरच्या उतारावर झाडी तोडली, रस्त्याचे मातीदगड ओढ्यात लोटले किंवा काठ जनावरांनी तुडविला, की गाळ येऊन फटी बुजतात व अंडी गुदमरतात. शेताच्या बांधाविषयी आपण जे सांगतो तेच येथेही लागू पडते. फरक इतकाच की येथे नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

काश्मीरमधील गंगाबल, विशनसर यांसारखी सरोवरे ३,५०० मीटरच्या आसपास उंचीवर आहेत व वर्षातून कित्येक महिने बर्फाखाली असतात. सरोवराच्या स्थिर पाण्यात ट्राउटची वीण सहसा होत नाही. ती आत येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या लहानशा ओढ्यात होते. सरोवर विस्तीर्ण दिसले, तरी त्यातील माशांची संख्या त्या अरुंद ओढ्यावर अवलंबून असते. शिवाय अशा पाण्यात खाद्य थोडे व उन्हाळा आखूड, त्यामुळे मासा सावकाश वाढतो. एक मोठा मासा काढला तर त्याची जागा भरून येण्यास अनेक वर्षे जातात.

आता पकडण्याची रीत. ट्राउट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून, धोंड्याच्या आडोशाला किंवा जोरकस व संथ पाणी जेथे भेटते तेथे उभा राहतो आणि वाहून येणाऱ्या कीटकांची व अळ्यांची वाट पाहतो. म्हणून जाणता मासेमार खालच्या अंगाने, सावली पाण्यावर पडू न देता, हलक्या पावलांनी वर सरकतो. गळाला पिसे व धागा बांधून कीटकासारखे रूप दिलेले असते; त्यास 'माशी' म्हणतात. ती माशाच्या थोडी वर टाकून प्रवाहाबरोबर मोकळी येऊ द्यावी लागते. दोरी ताणली गेल्यास माशी पाणी कापीत जाते आणि मासा फसत नाही. कोकणात गरवणाऱ्यांना यातील संयम नवा वाटू नये, आमिष तेवढे वेगळे. कोणत्या दगडाखाली कोणत्या अळ्या आहेत हे आधी उचलून पाहणारा मनुष्य, महागडी काठी घेऊन येणाऱ्यापेक्षा बहुधा जास्त मासे नेतो. मासा सोडावयाचा असल्यास गळाचा उलटा काटा चिमट्याने अगोदर दाबून ठेवावा, हात ओले करावेत व मासा पाण्याबाहेर फार वेळ धरू नये. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत आवरण निघते व त्यास रोग जडतो.

काश्मीर व हिमाचल या दोन्ही ठिकाणी परवान्याशिवाय ट्राउट पकडता येत नाही, व विणीच्या काळात मासेमारी बंद असते. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते. तथापि गळापेक्षा मोठी हानी सुरुंग, विरंजक चूर्ण आणि विजेचा धक्का यांनी होते. यांत लहानमोठा भेद राहत नाही. पिल्ले, अळ्या व मूळचे असेला मासेही मरतात आणि ओढा काही वर्षांकरिता रिकामा होतो. असेला हाच या पाण्यातील जुना रहिवासी असून ट्राउट त्याची पिल्ले खातो. सबब ज्या सरोवरात ट्राउट नाही तेथे तो नव्याने सोडू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

राहिला सह्याद्रीचा प्रश्न. दक्षिणेत निलगिरीवर इंद्रधनुषी ट्राउट टिकून आहे, परंतु तेथील पाणी २,००० मीटरच्या आसपास उंचीवरील आहे. आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, तर महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंच. आपले बहुतेक डोंगरी ओढे एप्रिल-मे मध्ये आटतात किंवा डोहांपुरते उरतात. ट्राउटचे बीज विकावयास कोणी आल्यास, पैसे देण्यापूर्वी मे महिन्यात दुपारी तीन वाजता आपल्या ओढ्यात तापमापक पाच मिनिटे बुडवून ठेवावा व आकडा वहीत लिहावा. तो वीसच्या वर असेल तर त्या पाण्यास रोहू, कटला व मृगळ हेच मासे योग्य होत. त्यांच्या बीजासाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे पावसाळ्यापूर्वीच मागणी नोंदवावी.