ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी बायरनची सागरयात्रा : पत्रव्यवहारातून दिसणारी पूर्वतयारी

इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमातून परिचित असलेला लॉर्ड बायरन हा स्वच्छंदतावादी कवी आहे. ग्रीसच्या स्वातंत्र्यासाठी तो गेला आणि १९ एप्रिल १८२४ रोजी मिसोलोंघी येथे तापाने मरण पावला, एवढाच त्याच्या अखेरच्या पर्वाचा उल्लेख बहुधा केला जातो. या मृत्यूभोवती आख्यायिकेचे वलय निर्माण झाल्याने त्यापूर्वीची तयारी दुर्लक्षित राहिली. ती १८२३ मधील त्याच्या पत्रांत नोंदलेली आहे. दारूगोळा, औषधे, हुंड्या आणि जहाजाचे भाडे हे या पत्रांचे विषय असून त्यांतून दिसणारा बायरन हा भावनेच्या भरात निघालेला कवी नव्हे, तर खर्चाचा हिशेब ठेवणारा व्यवस्थापक आहे.

ऑटोमन सत्तेविरुद्ध ग्रीकांचा उठाव मार्च १८२१ मध्ये सुरू झाला. त्यास साहाय्य करण्यासाठी १८२३ च्या प्रारंभी लंडन ग्रीक समिती स्थापन झाली. जॉन बाउरिंग हे तिचे चिटणीस होते. समितीचे प्रतिनिधी एडवर्ड ब्लाकियेर व ग्रीकांचे प्रतिनिधी आंद्रेआस लुरिओटिस यांनी ५ एप्रिल रोजी जिनोआ येथे बायरनची भेट घेतली. दोनच दिवसांनी त्याने आपला मित्र व समितीचा सदस्य हॉबहाउस यास कळविले की, ग्रीकांच्या हंगामी सरकारला उपयोग होणार असेल तर जुलैमध्ये आपण तिकडे जाण्यास तयार आहोत. ही अट महत्त्वाची आहे. तेरेसा ग्विच्योलीचा विरोध त्याला दिसत होता आणि त्याचा निर्धारही एकसारखा टिकून राहिला नाही.

या पत्रव्यवहारातील सर्वांत मोलाचे पत्र १२ मे रोजी बाउरिंग यांस लिहिलेले आहे. त्यात ग्रीकांच्या गरजा क्रमवार मांडल्या आहेत : प्रथम डोंगराळ मुलुखात नेता येईल असा हलका तोफखाना, नंतर बंदुकीची दारू आणि त्यानंतर रुग्णालयाचे साहित्य. हा माल हायड्रा बेटामार्गे पाठवावा, अशी सूचनाही आहे. दारू व औषधे स्वखर्चाने पाठविण्याचा त्याचा विचार होता. परंतु स्वतः जाणे ठरल्यास ती बरोबरच नेता येतील, म्हणून तो थांबला होता. माणसांविषयी त्याचे मत अधिक सावध आहे. मोठी परदेशी पलटण नको. अनुभवी, विशेषतः तोफखान्याचे, थोडे अधिकारी पुरेत, आणि त्यांना इटालियन येत असल्यास उत्तम. जुलै १८२२ मध्ये पेटा येथील लढाईत युरोपीय स्वयंसेवकांची तुकडी जवळजवळ नष्ट झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या सल्ल्याचे शहाणपण कळते. बायरनने १८०९ ते १८११ या काळात ग्रीसमध्ये प्रवास केला होता. त्यामुळे तेथील वाटा व माणसे यांविषयी तो समितीच्या बहुतेक सदस्यांपेक्षा अधिक जाणत होता.

पैशाची व्यवस्था लंडनमधील मित्र डग्लस किनेर्ड याच्याकडे होती. आपले सर्व उत्पन्न व पत एकत्र करून ती ग्रीसच्या कामी उपलब्ध ठेवावी, असा आग्रह त्याला लिहिलेल्या पत्रांत वारंवार येतो. जिनोआतील पेढीवाले चार्ल्स बॅरी यांच्या मदतीने ‘हर्क्युलीस’ हे १२० टनांचे इंग्रजी जहाज भाड्याने घेण्यात आले. दहा हजार स्पॅनिश डॉलर रोख आणि चाळीस हजार डॉलरच्या हुंड्या बरोबर घेण्यात आल्या. जूनच्या मध्यास ट्रेलॉनीला पत्र गेले. तोही येऊन दाखल झाला. तरुण वैद्य ब्रुनो, तेरेसाचा भाऊ प्येत्रो गांबा, नोकर आणि घोडे असा हा परिवार होता. होमरच्या वीरांना शोभतील अशी शिरस्त्राणेही बायरनने करवून घेतली होती! हिशेबी माणसातील कवी पूर्णपणे लोपला नव्हता.

जुलैच्या मध्यास निघालेले जहाज लिव्होर्नोमार्गे ऑगस्टच्या प्रारंभी केफालोनिया बेटावर पोहोचले. हे बेट ब्रिटिश संरक्षणाखाली होते आणि तेथील अधिकारी चार्ल्स नेपियर ग्रीकांविषयी सहानुभूती बाळगून होता. मात्र ज्याच्या माहितीवर भिस्त होती तो ब्लाकियेर इंग्लंडकडे परत निघाल्याचे तेथे कळले. त्यातच प्रत्येक ग्रीक गट बायरनला, अर्थात त्याच्या पैशाला, आपल्याकडे ओढू लागला. यावर त्याने चार महिने बेटावरच थांबून केवळ पत्रे लिहिली. या थांबण्यास काहींनी दिरंगाई म्हटले. वस्तुतः कोणत्याही एका गटाचा न होण्याचा तो एकमेव मार्ग होता. नोव्हेंबरात त्याने ग्रीक आरमारासाठी ४,००० पौंडांचे कर्ज दिले आणि महिनाअखेर सरकारला अंतर्गत कलहाविषयी स्पष्ट इशारा लिहिला. २६ डिसेंबर रोजी त्याने बाउरिंग यांना कळविले की, समितीने पाठविलेली गणिती उपकरणे व कर्णे सद्यःस्थितीत निरुपयोगी आहेत. आधी जिंकावे, योजना नंतर आखाव्यात.

तीन दिवसांनी तो मिसोलोंघीकडे निघाला. ज्या ग्रीक कर्जासाठी तो सतत लिहीत होता ते ८,००,००० पौंडांचे कर्ज फेब्रुवारी १८२४ मध्ये लंडनमध्ये उभे राहिले. त्याचा पहिला हप्ता घेऊन ‘फ्लोरिडा’ हे जहाज झांते बेटावर पोहोचले, तेव्हा बायरनच्या मृत्यूला काही दिवस झाले होते. परतीच्या प्रवासात त्याच जहाजातून त्याचे पार्थिव इंग्लंडला नेण्यात आले.