गर्भपातोत्तर मनःक्लेश : कारणे आणि लोकव्यवहार

गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीस पुढे मनःक्लेश होतात काय, हा प्रश्न विचारताना क्लेशाचे कारण ती क्रियाच होय, असे पुष्कळदा आधीच गृहीत धरले जाते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अभ्यासगटाने २००८ साली उपलब्ध संशोधनाची छाननी केली. अनपेक्षित गर्भधारणा झालेल्या प्रौढ स्त्रीने पहिल्या तीन महिन्यांत एकदा गर्भपात करून घेतल्यास तिला मनोविकाराचा धोका, असा गर्भ प्रसूतीपर्यंत वाहणाऱ्या स्त्रीपेक्षा अधिक नसतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला. तथापि काही स्त्रियांना तीव्र दुःख होते, हेही तितकेच खरे. पूर्वी मनोविकार झालेला असणे, हवासा गर्भ गमवावा लागणे, आप्तांचा आधार नसणे, लोकनिंदेची जाणीव आणि गोष्ट लपविण्याची निकड ही त्यामागील प्रमुख कारणे होत.

यांपैकी पहिली दोन स्त्रीच्या पूर्वायुष्याशी व प्रसंगाशी निगडित आहेत; उरलेली तीन भोवतालच्या माणसांवर अवलंबून असतात आणि परस्परांस बळ देतात. अमरावती जिल्ह्यातील तिवसा हे तालुक्याचे गाव उदाहरणादाखल घ्यावे. अशा गावी दवाखान्याच्या दारात ओळखीचे माणूस भेटण्याचा संभव फार. निंदेच्या भयाने स्त्री गोष्ट लपविते; लपविल्यामुळे आई, बहीण वा जाऊ यांच्याजवळ मन मोकळे करण्याची वाट बंद होते.

निंदेचे एक वाहन भाषा होय. 'गर्भ पडणे' आणि 'गर्भ पाडणे' यांत भेद एका स्वराचा. परंतु दुसऱ्या प्रयोगात कर्ता येतो आणि त्याच्यामागून दोषही येतो. 'पिशवी साफ करणे' यासारखे आडवळणाचे प्रयोग या दोषापासून आडोसा देतात. लिंगनिवडीविरुद्धच्या प्रचारात रूढ झालेल्या 'स्त्रीभ्रूणहत्या' या शब्दातील 'हत्या' हे पद तर वैध गर्भपातासही सहज चिकटते. वस्तुतः कायदे दोन आहेत : १९७१ चा विशिष्ट परिस्थितीत गर्भपातास मुभा देतो, १९९४ चा लिंगनिदानास मनाई करतो.

निंदेचा भार एकट्या स्त्रीवर का, हा प्रश्न वऱ्हाडास नवा नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर १८८१ साली बालहत्येचा खटला चालला. प्रसंग निराळा, पण त्या निमित्ताने बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' प्रसिद्ध करून हाच प्रश्न समाजापुढे ठेवला.

कायद्याने अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, पतीची लागत नाही. तिचे नाव गुप्त राखणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. यास्तव परिचारिकेने तिला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : पूर्वी मनाचा काही आजार झाला होता काय, आणि घरी गेल्यावर बोलायला कोणी आहे काय. दुसऱ्या प्रश्नास 'नाही' असे उत्तर आल्यास तिला पुन्हा भेटीस बोलावणे, हे उपचाराचेच अंग मानले पाहिजे.